थिबाच्या लेकीची गोष्ट सांगणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक, लेखक आणि पात्रनिवड करणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) थिबा राजाची थोरली कन्या आणि तिच्या दारावरचा रत्नागिरीचा पहारेकरी यांच्या प्रेमावर आपण चित्रपट काढत आहात, ही बातमी गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मी चौतीस वर्षे रत्नागिरीतल्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि दरवर्षी आठवीच्या मुलांना घेऊन थिबा राजवाड्यावर जात राहिले. आमच्या पाठ्यपुस्तकात जिला कधी धड दोन ओळी मिळाल्या नाहीत, ती गोष्ट आता मोठ्या पडद्यावर येणार, लोक ती पाहून रत्नागिरीचा वेगळा विचार करतील, असे मला वाटले होते. फेब्रुवारीत आपले युनिट येथे आले आणि तेवीस दिवस राहिले. त्या दिवसांत आम्ही जे पाहिले आणि मागच्या महिन्यात प्रदर्शित झालेल्या टीझरमध्ये जे दिसले, त्यानंतर तो आनंद राहिलेला नाही. गावातल्या आम्ही काही जणांनी आपल्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले, त्याला चार ओळींचे उत्तर आले, आणि त्याचा आशय असा होता की प्रेमाला देश नसतो, चेहरा नसतो, तेव्हा कलाकार कुठचा हा प्रश्नच गैरलागू आहे. हे उत्तर मला मान्य नाही. चित्रपट सगळे पाहणार आहेत, म्हणून माझे म्हणणेही सगळ्यांसमक्ष मांडते आहे.

या गोष्टीत माझे स्वतःचे काय गुंतले आहे, ते आधी सांगते. माझी सून मिझो आहे, माहेर ऐजॉलचे. पुण्यात परिचारिकेचे शिक्षण घेत असताना तिची आणि माझ्या मुलाची ओळख झाली, आणि अकरा वर्षांपूर्वी ती आमच्या घरात आली. ती माझ्याशी मराठीत बोलते, आईशी फोनवर मिझोत बोलते आणि माझ्या नातीशी दोन्ही भाषांत बोलते. मोदकाच्या कळ्या माझ्यापेक्षा तिच्या हाताने नेटक्या पडतात. तरीही बाजारात आजही कुणीतरी तिला थांबवून विचारते की तुम्ही थिबाच्या घराण्यातल्या का. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते, आणि ती शांतपणे सांगते की मी मिझोरामची, भारतातली. अकरा वर्षे ती हे सांगते आहे.

आपल्या कोऑर्डिनेटरने तिच्या रुग्णालयात येऊन, मॉबसाठी, म्हणजे पडद्यावरच्या गर्दीसाठी, ईशान्येकडच्या मुली हव्यात असे सांगितले, तेव्हा तिने स्पष्ट सांगितले होते की ती बर्मी नाही आणि तिला ती भाषा येत नाही. मिझोरामची म्यानमारशी ५१० किलोमीटरची सीमा आहे, पलीकडच्या चिन जमातीच्या लोकांशी मिझोंचे नाते आहे, हे खरे; परंतु थिबाची राजधानी मंडाले, तिथल्या दरबारातली माणसे वेगळी, त्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि मिझो बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत. त्या गृहस्थांनी यावर सांगितले की कॅमेऱ्याला यातले काही कळत नाही. तिला जायचे नव्हते. मी आग्रह केला म्हणून ती गेली, आणि त्याचा सल मला आहे.

तिच्यासोबत नर्सिंगच्या चार विद्यार्थिनी होत्या, दोघी मणिपूरच्या, दोघी नागालँडच्या. त्या पाचही जणींना राजकन्येच्या दासी म्हणून उभे केले. दोन दिवस, रोज बारा तासांहून अधिक वेळ, हातात पितळी तबक, तोंडी एक शब्द नाही. संवाद नसलेली भूमिका कमी प्रतीची असते असे मी म्हणत नाही. मला खटकले ते पुढचे. माझी सून नायिकेपासून हातभर अंतरावर उभी होती, आणि जे तिने घरी येऊन सांगितले ते मी तिच्याच शब्दांच्या जवळ राहून लिहिते आहे. नायिकेच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती, ती कातडी ओढून घेऊन कानशिलाकडे जात होती आणि तिचे टोक टोपाखाली दडवलेले होते. मार्चच्या उकाड्यात घाम आला की पट्टी सुटायची, डोळा आपल्या मूळ जागी यायचा, आणि काम थांबवून एक जण कापसाने घाम टिपून पट्टी पुन्हा ओढून बसवायचा. हे एका दुपारी सात वेळा झाले. मागे पाच मुली उभ्या होत्या, ज्यांचे डोळे कुणी ओढून बसवलेले नव्हते. शेवटच्या वेळी मेकअप करणाऱ्याने पट्टी नीट बसली की नाही हे ताडून पाहण्यासाठी माझ्या सुनेला पुढे बोलावले, तिचा चेहरा नायिकेच्या चेहऱ्याशेजारी धरला, आणि दोघींकडे आळीपाळीने पाहून पट्टी थोडी वर सरकवली.

माझी सून रडली नाही, तक्रारही केली नाही. रात्री तिने मला एवढेच विचारले, "आई, माझा चेहरा माप घ्यायला चालतो, मग लावायला का नाही चालत?" मला उत्तर देता आले नाही. ते आपण द्यावे, असे मला वाटते.

त्याच दोन दिवसांत आपल्या युनिटमधल्या एकाने त्या मुलींना ज्या शब्दाने हाक मारली तो शब्द मी येथे लिहिणार नाही. ईशान्येच्या प्रत्येक माणसाने तो दिल्ली-मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ऐकलेला आहे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उद्देशून तो वापरला तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई करावी, अशी सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ साली राज्यांना दिलेली आहे. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा एक विद्यार्थी दिल्लीत असल्याच टिंगलीतून झालेल्या मारहाणीनंतर मरण पावला आणि त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या तक्रारींचा विचार करण्यासाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली. चेहऱ्यावरून हाक मारणे आणि चेहऱ्यावर पट्टी चिकटवणे या दोन गोष्टी मला फार लांबच्या वाटत नाहीत. दोन्हींत समोरच्याचे रूप ही सोंगाची वस्तू ठरते.

आता मूळ गोष्टीकडे वळते, कारण आपल्या चार ओळींच्या उत्तराचा खरा प्रतिवाद त्या गोष्टीतच आहे. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी इंग्रजांनी थिबाला मंडालेहून हलवले, आधी मद्रासला ठेवले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. सोबत सुपयालत राणी होती आणि लहान मुली होत्या. चौथी मुलगी रत्नागिरीत जन्मली. मंडालेहून आणलेल्या मुलींत सर्वांत मोठी, म्यात फया जी, रत्नागिरीत आली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिचे सारे बालपण, सारे तारुण्य येथल्या पहाऱ्यात गेले. ब्रह्मी राजघराण्याच्या रीतीप्रमाणे तिला तोलामोलाचा वर मिळणे या परमुलखात शक्य नव्हते. १९०६ साली तिने एका मुलीला जन्म दिला. मुलीचे वडील गोपाळ सावंत, दारावरचे पहारेकरी. त्यांचे आधी लग्न झालेले होते. मुलीचे नाव टूटू. १९१६ च्या डिसेंबरात थिबा येथेच वारला, १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशी परतले, आणि थोरली राजकन्या काही काळाने पुन्हा रत्नागिरीत आली. १९४७ साली ती याच गावात वारली. टूटू येथेच वाढली, येथेच संसार केला, मराठी बोलली, कष्टात दिवस काढले आणि २००० साली गेली. माझ्या वयाच्या अनेक रत्नागिरीकरांच्या आयुष्यात ती हयात होती. तिची लेकरे-नातवंडे आमच्यातच आहेत.

हे सगळे वाचून पाहा आणि मग सांगा की या प्रेमाला चेहरा नव्हता. त्या दोघांमध्ये भाषा होती, धर्म होता, रंगरूप होते, मालक-नोकर हे नाते होते, इंग्रजांचा पहारा होता, आणि एक लग्नाची बायको होती. दोघांनी किती मोठे अंतर ओलांडले हे दिसले, तरच त्या ओलांडण्याला काही अर्थ येतो. मुंबईत वाढलेले, एकाच वळणाचे दोन देखणे चेहरे समोरासमोर उभे केलेत आणि एकीच्या डोळ्याला पट्टी लावलीत, तर पाहणाऱ्याला अंतर दिसणारच नाही. माझी नात सात वर्षांची आहे. तिने टीझर पाहताना मध्येच फोन थांबवून मला विचारले, "आजी, या बाईच्या डोळ्याला काय लागलंय?" तिला ती राजकन्या परक्या देशाची आहे हे कळलेच नाही. तिला वाटले, बाईला जखम झाली आहे.

मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांच्या आयुष्यावर २०१४ साली हिंदी चित्रपट आला तेव्हा त्यांची भूमिका मणिपूरबाहेरच्या अभिनेत्रीने केली होती, आणि त्यावर त्या वेळीही पुष्कळ बोलले गेले होते. त्या वेळी असे सांगता आले असते की व्यावसायिक चित्रपटाला नावाजलेला चेहरा लागतो. तेव्हापासून मधे बरीच वर्षे गेली आहेत. आज ईशान्येतल्या मुली हिंदी चित्रपटांत आणि मालिकांत काम करत आहेत, म्यानमारमध्ये स्वतःची जुनी चित्रसृष्टी आहे, तेथून बाहेर पडावे लागलेले कलाकारही आहेत. शोधले असते तर कुणी तरी मिळाले असते. आपण शोधले नाही, असे मला आपल्या पात्रनिवडीच्या जाहिरातीवरून म्हणावे लागते. ती जाहिरात आमच्याकडे चहाच्या टपरीवरही लागली होती, आणि तिच्यात नायिकेच्या भूमिकेचा उल्लेखच नव्हता. स्थानिकांकडून फक्त गर्दी मागितली होती.

भाषेबद्दलही हेच. टीझरमध्ये राजकन्या जे चार शब्द बोलते ते कुठल्याही भाषेतले नाहीत, असे मला ब्रह्मी (बर्मी) भाषा जाणणाऱ्या एका भिक्षूंनी ऐकून सांगितले. ब्रह्मी ही सुरांची भाषा आहे, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. अशा भाषेच्या नावाखाली नुसते अनुनासिक आवाज काढणे हे त्या भाषेच्या लोकांना किती लागेल, याची कल्पना मराठी माणसाला यायला हरकत नाही. आपली भाषा हिंदी चित्रपटातला हवालदार आणि घरकामाची बाई कशी बोलतात, ते आपण किती वर्षे मुकाट्याने ऐकले आहे.

आपल्या दरबाराच्या देखाव्यात पाच रंगांच्या, मंत्र छापलेल्या पताका ओळीने टांगलेल्या दिसतात. त्या तिबेटी परंपरेच्या आहेत. थिबा थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथांची परंपरा मानणारा बौद्ध होता, राजा होण्याआधी त्याने विहारात राहून पाली ग्रंथांचा अभ्यास केला होता. हा फरक पुण्या-मुंबईत कुणाला जाणवणार नाही, असे आपल्याला वाटले असेल. आमच्या जिल्ह्यात तो जाणवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. १९५४ साली ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते, आणि दोन वर्षांनी त्यांनी जी दीक्षा घेतली तिच्या मागे या देशांचा बौद्ध धर्म त्यांनी जवळून पाहिल्याचा अनुभव होता. आमच्या वाडी-वाडीतल्या बौद्धविहारांत पाली वंदना रोज म्हटली जाते. आपल्या चित्रपटात थिबाच्या घरी घंटा, धुके आणि पताका आहेत, वंदना कुठेच नाही. एका विहारातल्या तरुणांनी चित्रीकरणाच्या वेळी ही चूक दाखवून दिली होती. त्यांना सेटवरून बाहेर काढले गेले.

या ठिकाणी एक आठवण सांगते. काही वर्षांपूर्वी ब्रह्मदेशाहून आलेले यात्रेकरू बोधगयेहून पुढे थिबाच्या समाधीचे दर्शन घ्यायला रत्नागिरीत आले होते. त्यांना राजवाडा आणि समाधी दाखवायला मी गेले होते. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीला येऊन गेले, तेव्हापासून असे लोक अधूनमधून येतात. त्यांच्यातल्या बायकांच्या गालांवर पिवळसर लेप होता. भाषेचा दुवा नव्हता म्हणून मी हाताने विचारले, तर एका आजीबाईंनी पिशवीतून लाकडाचा वीतभर तुकडा काढला आणि दगडावर घासल्याची खूण केली. मी जवळच्या ओळखीच्या घरून देवपूजेची सहाण आणली. त्यांनी ती पाहिली आणि इतक्या हसल्या की काय सांगू, कारण त्यांच्याकडेही अगदी तसाच गोल दगड असतो. पाण्याचे चार थेंब टाकून त्यांनी थनाकाचे ते लाकूड आमच्या सहाणेवर उगाळले, आणि आमच्या चंदनासारखाच लेप निघाला. त्यांनी तो बोटाने माझ्या गालाला लावला. दुपारभर गाल गार राहिला होता.

आपल्या राजकन्येच्या गालावर थनाका नाही. तिला मेंदी लावली आहे, आणि टीझरच्या शेवटी संगीताचा समारंभ आहे. तिच्या संस्कृतीत मुलीचा मोठा सोहळा कान टोचण्याचा असतो, आणि थिबाच्या लेकींचा तो सोहळा रत्नागिरीतच झाला होता, त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. आपल्याकडे कान टोचतात ते बारशाच्या आगेमागे. त्यांच्याकडे तो उपवर होण्याचा विधी. एका मराठी माणसाने दारावर उभे राहून तो सोहळा पाहिला असेल, तर त्याच्या मनात काय आले असेल, यावर एक संपूर्ण प्रसंग लिहिता आला असता. सहाणेवर एकदा चंदन आणि एकदा थनाका उगाळला गेला असता, तर संवादाचीही गरज पडली नसती. दोन संस्कृतींची प्रेमकथा सांगायची तर असल्या गोष्टींनी सांगायची. आपल्याला त्या कुणी सांगितल्या नाहीत, कारण आपण कुणाला विचारले नाही.

इतिहासाची शिक्षिका म्हणून आणखी एक चूक दाखवणे मला भाग आहे. आपण सारी प्रेमकथा राजवाड्याच्या सज्जात घडवली आहे. लाल रंगाचा तो तीन मजली राजवाडा बांधून होऊन थिबाचे कुटुंब तेथे राहायला गेले ते १९१० साली. टूटूचा जन्म १९०६ चा. म्हणजे हे प्रेम जमले तेव्हा राजवाडा नव्हता. राजघराणे सरकारने दिलेल्या बंगल्यांत दाटीवाटीने, तुटपुंज्या तनख्यावर राहत होते. सज्जाऐवजी बंगल्याची पडवी आली, की राजकन्या आणि पहारेकरी यांची गाठ कशी पडली हे आपोआप समजते. आणि त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहीत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत! एवढा योग हाताशी असताना आपण इंग्रज अधिकाऱ्याची घोड्यावरून पाठलाग करण्याची दृश्ये घातली आहेत.

गोपाळ सावंत यांना आपण तलवार बांधलेला सरदारपुत्र केले आहे, आणि त्यांची पत्नी काढून टाकली आहे. हे दोन्ही बदल का केले असावेत, हे मी समजू शकते. नायक नोकर असला आणि विवाहित असला तर प्रेक्षक दुरावेल, ही भीती. परंतु त्या घरात एक बाई होती. तिच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला, तोही परदेशी राजकन्येशी, आणि गावाने ते पाहिले. तिला कथेतून काढून टाकणे हे मला सर्वांत कठोर वाटते. प्रतिनिधित्व हा शब्द आपण मुलाखतींत वापरता, तो वापरताना ही कोकणातली साधी बाई आठवावी. राजकन्येच्या वाट्याला निदान सात वेळा चिकटवलेली पट्टी तरी आली. हिच्या वाट्याला काहीच आले नाही.

राहिला आमचा गाव. आपल्या रत्नागिरीत बाजारातल्या साऱ्या बायका 'माका', 'तुका', 'खंय' असे बोलतात. ती मालवणी आहे, गोड भाषा आहे, तिचा मला लोभ आहे, पण ती सिंधुदुर्गाची. आमच्याकडे संगमेश्वरी बोली आहे, आणि तिच्यात नाटके करणारी मंडळी येथे हाकेच्या अंतरावर होती. आपण दशावतार नाचवला आहे. आमच्याकडे नमन आणि जाखडी. आपण पांढऱ्या वाळूवर राजकन्येला चालवले आणि पाट्या लावून मांडवी म्हटले; मांडवीची वाळू काळी आहे, आम्ही तिला काळा समुद्रच म्हणतो. ही यादी वाढवण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र सोडवत नाही. मिरकरवाड्याचे बंदर, मासेमारी करणारे मुसलमान बांधव, त्यांची कोकणी बोली, त्यांची सांदणे, हे रत्नागिरीचे अर्धे अंग आहे. आपल्या टीझरमध्ये मुसलमान माणूस एकदाच दिसतो, काजळ घातलेला, रात्री होडीतून पेट्या उतरवणारा, आणि तो लखनवी उर्दू बोलतो. आमच्या बंदरावर असे उर्दू बोलणारा खलाशी मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. माझ्या वर्गात मिरकरवाड्याची मुले दरवर्षी असत. त्यांनी हे पाहून काय समजावे?

आपल्या हाती अजून वेळ आहे. उरलेले चित्रीकरण पावसाळ्यानंतर होणार, असे आपणच जाहीर केले आहे. म्हणून माझ्या आणि पत्रावर सही करणाऱ्या आम्हा रत्नागिरीकरांच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

थोरल्या राजकन्येच्या भूमिकेसाठी नव्याने, खुली पात्रनिवड करावी, आणि तिची जाहिरात ब्रह्मी कलाकारांपर्यंत व ईशान्येच्या राज्यांपर्यंत पोहोचवावी. सध्याच्या अभिनेत्रींबद्दल माझा रोष नाही, त्यांनी उन्हात सोसले ते माझ्या सुनेने पाहिले आहे. हे कोणत्याही कारणाने अशक्य असेल तर ते कारण लोकांना सांगावे, आणि कोणत्याही परिस्थितीत डोळ्यांवरची ती पट्टी चित्रपटात एका चौकटीतही राहू नये.

राजघराण्याचे सर्व ब्रह्मी संवाद ती मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून लिहून आणि उच्चारून घ्यावेत, दरबार आणि पूजाविधी थेरवादी परंपरेप्रमाणे दुरुस्त करावेत. गावातल्या पात्रांचे संवाद संगमेश्वरी आणि कोकणी मुसलमानांची बोली जाणणाऱ्यांकडून तपासून घ्यावेत. या सर्वांना मोबदला द्यावा आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे घालावीत.

गोपाळ सावंत यांना त्यांची नोकरी आणि त्यांची पत्नी परत द्यावी. टूटू ही केवळ शेवटच्या पाटीवरची एक ओळ असू नये. या प्रेमाचे पुढे काय झाले ते तिच्या आयुष्यात आहे. तिच्या वंशजांची लेखी संमती घेऊनच पुढे जावे आणि ती घेतल्याचे जाहीर करावे.

ज्या पाच मुलींना दासी म्हणून उभे केले त्यांना ठरलेल्या रकमेतून मध्यस्थाने कापून घेतलेले पैसे द्यावेत, त्यांची नावे श्रेयनामावलीत द्यावीत, आणि ज्याने त्यांना तो शब्द वापरला त्याच्यावर काय कारवाई केली ते कळवावे. पुढच्या टप्प्यात सेटवर तक्रार ऐकून घेणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

आपण येथे परत आलात तर समाधी, राजवाडा, जुन्या बंगल्यांच्या जागा, हे सगळे दाखवायला मी येईन. शाळेतल्या जुन्या टिपणांच्या वह्या माझ्याकडे आहेत, त्या पाहायला देईन. सहाणही घरी आहे. या मागण्यांचे उत्तर मात्र चित्रीकरणाचा दुसरा टप्पा सुरू होण्याआधी, घटस्थापनेच्या आत, आणि या पत्रासारखेच जाहीरपणे द्यावे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
रत्नागिरी